सांध्यावरची झाडं

१२ फेब्रुवारी

प्रिय गोटी,

मोठ्या भावाने पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. तुला तो नको असेल तर उगाच कशाला, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

वीजकेंद्र रद्द झालं. सोबत कात्रण ठेवलं आहे. बातमी आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींना खेटून आली आहे. चौदा ओळी आहेत, मी मोजल्या. कोळशावर चालणारं एवढं मोठं केंद्र, दोन धुराडी, राखेचं तळं, कोळसा आणायला स्वतंत्र लोहमार्ग, आणि शेवटी चौदा ओळी. आधी पाणी पुरेना, मग कोळसा कुठून आणायचा ते ठरेना, मग साहेब बदलले, मग बदललेले साहेबही बदलले. एवढ्या वर्षांत त्या माळावर कुणी एक कुदळ मारली नाही. हद्दीचे दगड तेवढे पुरले होते, त्यांवर आता शेळ्या अंग घासतात.

प्रकल्पाचं कार्यालय दोन महिन्यांत बंद होणार आहे. मला बोलावणं आलं, कारण पहिल्या मजल्यावरच्या दालनात माझं मॉडेल अजून तसंच उभं आहे आणि ते कसं हलवायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, बनवलं मी, मोडायलाही मीच येतो. ते मॉडेल तुला आठवत असेल. तुला आठवत असेल असं लिहिणं म्हणजे मूर्खपणाच आहे, पण लिहून झालं.

तुझा माझ्यावर राग कशाचा, ते मला माहीत आहे. तुमचं घर जाणार हे मला आधीपासून ठाऊक होतं आणि तू सख्खी बहीण असूनही मी तुला घरी येऊन सांगितलं नाही. तुला ते चार लोकांत, माझ्या मॉडेलच्या काचेच्या पेटीत बघावं लागलं. त्यावर माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आहे. मी तिथे तीन वर्षं पगारावर होतो, आणि नोकर माणसाचे हात बांधलेले असतात. कार्यालयातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

पत्ता मावशीकडून मिळाला. मेहुण्यांचे गुडघे धरलेत असंही तिने सांगितलं. गवंड्याचं आयुष्यच उकिडवं बसण्यात जातं, तेव्हा हे व्हायचंच. त्यांना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझा,
दादा


२ मार्च

प्रिय गोटी,

तुझं उत्तर नाही. ते अपेक्षितच होतं. तरी रोज दुपारी टपालाची पेटी उघडून बघतो. तुझी वहिनी म्हणते, पत्र येवो न येवो, पेटीची बिजागरी मात्र यंदा नवी घ्यावी लागणार.

काल कार्यालयात गेलो होतो. आता तिथे पहारेकरी एकटाच उरला आहे. भला माणूस आहे. नऊ वर्षं रोज सकाळी तो माझ्या मॉडेलच्या काचेवरून फडकं फिरवतो. मला बघून म्हणाला, "तुम्हीच का ते मॉडेलवाले? अहो, मी ह्या केंद्राची नऊ वर्षं राखण केली. एक दिवस चोरी झाली नाही, एक दिवस बंद पडलं नाही." मग त्याने मोठ्या अभिमानाने टेबलाखालचं बटण दाबलं. धुराड्यांच्या टोकावरचे तांबडे दिवे लागायला हवे होते, त्यातला एक लागला. "वीज तेवढी बाहेरून घ्यावी लागते," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी मी मोकळेपणाने हसलो.

मॉडेल अजून चांगलं आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो. एकास पाचशे, म्हणजे माळावर पाचशे पावलं चालायची तर माझ्या टेबलावर एक पाऊल. धुराडी नळाच्या पाइपची, पट्टे हाताने रंगवलेले. कोळशाचा ढीग खऱ्या कोळशाचा, वाटून चाळून घेतलेला. तुझ्या वहिनीचा खलबत्ता त्यात कायमचा काळा झाला आणि तो विषय अजून निघतो. स्पंजाचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून केलेली झाडं तर जवळजवळ दोन हजार आहेत. सरसाचा रंग पिवळा पडलाय, पण एकही झाड पडलेलं नाही.

आता सोडवायचं कसं, हे तिथे कुणाला कळत नव्हतं, त्याचं कारण सांधा सापडत नव्हता. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. सुताराने ते करायला घेतलं तेव्हाच मला विचारलं होतं, "मास्तर, हे वर न्यायचं कसं? जिन्याला मध्येच वळण आहे. जिना पाडायचा की टेबल कापायचं?" टेबल कापलं. दोन तुकडे वेगवेगळे वर नेले आणि तिथे जोडले. जोडलेल्या जागी फट दिसते. ती दिसू नये म्हणून तिच्यावर झाडं लावायची, हे आमच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात. कुठल्याही मॉडेलमध्ये सरळ रेषेत दाट झाडी दिसली की खुशाल समजावं, खाली सांधा आहे. मी पहारेकऱ्याला झाडीवर बोट ठेवून दाखवलं तर तो चकित झाला. नऊ वर्षं पुसतोय पण कळलं नाही, म्हणाला.

सांध्याबद्दल एवढं का लिहिलं कुणास ठाऊक. पत्र भलतीकडेच गेलं.

येताना तुमच्या गल्लीवरून आलो. अकरा वर्षांत तिथे पाऊल टाकलं नव्हतं, वळसा घालून जात होतो. बाकीची वस्ती जिथल्या तिथे आहे. मुख्य रस्त्यावरच्या घरांनी वरचे मजले चढवलेत, रंग काढलेत. तुमच्या सात घरांची जागा तेवढी रिकामी, आणि रिकामी तरी कशी म्हणू, तिथे झाडं उगवलीत. कुणी लावलेली नाहीत, आपोआप आलेली, काटेरी, डोक्याच्या वर गेलेली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे काय होतं. तो मला ओळखत नव्हता. म्हणाला, "ही शहाण्यांची गल्ली. वीजकेंद्र येणार म्हणून सगळ्यांच्या आधी घरं पाडून मोकळे झाले. एक गवंडी होता, तो ह्यांचा पुढारी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी काडेपेटी घेतली आणि निघालो. काडेपेटी मला नको होती.

तुझा,
दादा


२० मार्च

प्रिय गोटी,

मागची दोन्ही पत्रं तुझ्या वहिनीला वाचून दाखवली. नक्कल ठेवायची सवय आहे मला, तुला ठाऊक आहे. ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "हे पत्र आहे की माहितीपुस्तिका?" मी वही मिटली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिला सांगितलंत का?"

"काय सांगायचं?"

"जे मलाही सांगितलं नाहीत ते."

मी म्हटलं, तुला काय माहीत. त्यावर तिने निवडलेली भाजी बाजूला केली. "मूळ नकाशा तेव्हा सहा महिने आपल्या पलंगाखाली होता. केर काढताना मीच तो गुंडाळून ठेवायची. त्यात गल्ली होती. सातही घरं होती. मला वाटलं, तुम्हाला नंतर वरून काही सांगितलं असेल, म्हणून विचारलं नाही. पण तुम्ही अकरा वर्षं त्या गल्लीला वळसा घालून जाता. चोराच्या मनात चांदणं."

तेव्हा आता लिहितो. घर जाणार हे मला आधी माहीत होतं, असं तू समजतेस. मला असलं काही माहीत नव्हतं, कारण तुमचं घर जाणारच नव्हतं. नकाशात हद्दीची तांबडी रेघ तुमच्या गल्लीच्या दोनशे पावलं अलीकडे थांबत होती. सातही घरं रेघेच्या बाहेर होती, जशीच्या तशी राहणार होती. मला कुणीही, कधीही ती काढायला सांगितलं नाही.

टेबल मधोमध कापलं असतं तर सांधा बरोबर जनित्रांच्या मोठ्या दालनावरून गेला असता. मोठ्या साहेबांचा त्या दालनावर फार जीव, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तेच दाखवायचे. म्हणून मी सांधा दीड हात सरकवला. तो तुमच्या गल्लीवर आला. घरं नखाएवढी होती, सांध्यावर बसवली असती तर टेबल उघडताना-जोडताना दर वेळी तुटली असती. मी ती बसवली नाहीत. वर झाडं लावली. हे करताना, गोटी, ते तुझं घर आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे गल्ली नव्हती, फट होती. त्या दिवशी माझ्यासमोर तू उभी असतीस तरी मी म्हटलं असतं, जरा बाजूला हो, उजेड अडतोय.

मग जनसुनावणी झाली. सगळी वस्ती मॉडेलभोवती गोळा झालेली, जो तो आपलं घर शोधतोय, सापडलं की बोट दाखवून हसतोय. तू दोनदा प्रदक्षिणा घातलीस. मग सगळ्यांसमोर मला विचारलंस, "दादा, आमचं घर कुठंय?" मी त्या झाडीकडे पाहिलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. शेजारी मोठे साहेब उभे होते. तालुक्यातले अधिकारी होते. मॉडेल करणाऱ्याने नकाशात असलेली सात घरं खाल्ली, हे त्या लोकांसमोर कसं सांगणार? मी म्हटलं, "नकाशात आहे तसंच केलंय." एवढं एकच वाक्य बोललो. तू त्याचा अर्थ लावलास, आणि दुसरा कुठला अर्थ लावणार होतीस?

तू मला पोटात गोष्ट ठेवणारा, कार्यालयाचा माणूस, बहिणीचा न झालेला ठरवलंस. मला ते परवडलं. हलकट ठरलो तरी चालेल पण हलगर्जी नको, असा माझा तेव्हाचा हिशेब होता. हे आता वाचताना मला स्वतःलाच खरं वाटत नाही, पण तसंच होतं.

वहिनीला हे पत्र दाखवलं. ती म्हणाली, आता कुठे पत्र झालं, पण पुरं झालेलं नाही. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. आज हात थकला आहे.

दादा


८ एप्रिल

प्रिय गोटी,

पुरं करतो.

सुनावणीनंतर तुम्ही दोन महिन्यांत घर उतरवलंत. मेहुण्यांचं म्हणणं होतं, नोटिसा लागल्या की वीट हलवू देणार नाहीत, आत्ताच उतरवलं तर माल तरी आपला राहील. गवंडी माणसाचा विचार होता तो, आणि त्याच्या जागी बरोबर होता. बाकीच्या सहा घरांनी त्यांचं बघून उतरवलं. गवंड्याचा मेहुणा कार्यालयात आहे, ह्याला आतली बातमी असणार, असं गल्लीत बोललं जात होतं. माझ्या कानावर ते आलं होतं.

एक दिवस मी तिथे आलो. तू पाण्याला गेली होतीस, तुझी गाठ पडली नाही. विटा ओळीने रचून ठेवलेल्या होत्या, एकही फुटलेली नाही, मेहुण्यांनी चुना खरवडून प्रत्येक वीट साफ केली होती. समोरची भिंत तेवढी उभी होती आणि तिच्यात खिडकी. मला बघून ते म्हणाले, "बरं झालं बाबा आधी कळलं. तुम्ही तोंडाने नाही सांगितलंत तरी दाखवलंत तरी." माझी समजूत काढत होते ते. तू रागावलीस म्हणून मला वाईट वाटत असेल, असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, "आलाच आहात तर जरा ही बाजू धरा." मी खिडकीची एक बाजू धरली, दुसरी त्यांनी. चौकट सैल करून आम्ही ती बाहेर काढली आणि गाडीपर्यंत नेली. गाडीवर ठेवताना माझी बाजू निसटली, तेव्हा तेच मला म्हणाले, "सांभाळा, बोट जाईल."

तेव्हा सांगता आलं असतं. भिंत उभी होती. विटा होत्या, चुना होता, गवंडी होता. पंधरा दिवसांत घर परत उभं राहिलं असतं. मी मूग गिळून खिडकी उचलली.

का नाही सांगितलं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीती होती, नोकरीची आणि नावाची. पण त्याहून मोठं कारण असं, की मला वाटलं, केंद्र तर होणारच. एकदा ते झालं की राख उडणार, गाड्यांचा धुरळा येणार, गल्लीत राहणं मुश्कील होणार, तेव्हा आज ना उद्या तुम्ही निघालाच असता. माझी चूक त्या राखेखाली जाईल, कुणाला दिसणार नाही. झाकली मूठ. मी केंद्राची वाट बघत होतो, गोटी. त्या माळावर केंद्र व्हावं असं साहेबांना वाटत नसेल एवढं मला वाटत होतं. दर वर्षी बातमी यायची, काम लांबलं, आणि दर वर्षी माझी चूक थोडी वर यायची. आता चौदा ओळींत ती पूर्ण उघडी पडली.

मॉडेल सोडवलं. सांधा उघडला तेव्हा झाडं दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी फाटली. धुराडी, मनोरे, कोळसा, लोहमार्ग, एवढं सगळं मी घडवलं, त्यातलं काही म्हणता काही झालं नाही. तुमच्या गल्लीतली झाडं मात्र झाली. त्या अख्ख्या टेबलावर खरं ठरलं ते तेवढंच.

सोबतच्या काडेपेटीत तुमचं घर आहे. एकास पाचशे. कापसातून काढताना जपून, फुंकर मारू नकोस. दार, खिडकी, कठडा केला आहे. पुढच्या पायऱ्या चार केल्या आहेत, तशाच होत्या असं आठवतं. ह्याने काही भरून येत नाही, मला कळतं. हाताला दुसरं काही येत नाही म्हणून हे.

मला क्षमा कर, असं लिहायचं होतं. लिहिलं आहे असं समज.

दादा


४ मे

प्रिय गोटी,

तुझं पत्र मिळालं. पेटी उघडायच्या आधीच पोस्टमनने हातात दिलं, कारण तो म्हणाला, तुम्ही रोज बघता म्हणून आज थांबलो. मी ते उभ्यानेच वाचलं, मग वहिनीने मला खुर्ची आणून दिली. रडलो. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघून रडलो की मजकुरामुळे, ते मला सांगता येणार नाही.

तुझं पत्र इथे उतरवून ठेवतो, म्हणजे माझ्या नकलांच्या वहीत तेही राहील.

"दादा, तुझी पत्रं ह्यांना वाचून दाखवली. शेवटची दोन दोनदा वाचली.  हे म्हणाले, म्हणजे मला अक्कल नव्हती असं नाही. एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले. अकरा वर्षं थोरल्या दिरांच्या घरी दोन खोल्यांत राहतोय. जेवताना कुणी ना कुणी म्हणतंच, स्वतःच्या हाताने चांगलं घर पाडणारा गवंडी आमच्याकडे आहे. सगळे हसतात, हेही हसतात. मीही म्हटलंय, भांडणात, एकदा नाही. ते मी परत कसं घेऊ, हे तुला लिहिता येत असेल तर लिही.

तुला माफ करायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. घाई करणार नाही. घाईत एकदा घर पाडून झालंय.

काडेपेटीतलं घर मिळालं. पायऱ्या तीन होत्या. चार शेजारी शिंपीकाकांच्या होत्या, त्यावर तू एकदा अडखळून पडला होतास. आमच्याकडे तू येऊन जाऊन किती वेळा आलास, तुला कसं आठवणार? खिडकी बरोबर आहे. ती का बरोबर आहे ते आता कळलं.

आमच्या एकट्याचं घर करून काय उपयोग? मागून सहा घरं उतरली ती ह्यांच्या शब्दावर. त्या सहा घरांत अजून ह्यांच्या नावाने बोटं मोडतात, शिंपीकाका तर रस्त्यात दिसले तरी मान फिरवतात. त्यांना तू लिही. सहाही पत्ते कागदाच्या मागच्या बाजूला देते आहे. आणि त्यांना असं वळणं घेत घेत लिहू नकोस. तुझं पहिलं पत्र मी अर्धं वाचून फाडणार होते, ह्यांनी हातातून घेतलं."

गोटी, तू मेहुण्यांना काय काय बोललीस, ते परत कसं घ्यायचं, हे मला खरंच माहीत नाही. तुला एक सांगतो, ते बोलणं तुझं असलं तरी त्याचं मूळ माझ्याकडे आहे, एवढं त्यांना सांगून बघ.

तुमचं घर नव्याने केलं, पायऱ्या तीन केल्या आहेत. सवयीने चौथी झाली होती, ती ब्लेडने उतरवली, फार सोपं काम होतं. घर पुन्हा पाठवतो. आधीचं परत पाठवू नकोस, ते चुकीचंच राहू दे. पहारेकऱ्याने एक धुराडं मागून घेतलं, ज्याचा दिवा लागतो ते. घरी उशाशी ठेवणार म्हणाला. बाकीचं सगळं कार्यशाळेत कोपऱ्यात पडलं आहे.

सहा पत्रं लिहायची मला लाज वाटते. नोकरी केव्हाच सुटली, साहेबही तिथे नाहीत, तरीही वाटते. वहिनी म्हणाली, लाज वाटू दे आणि लिहा, दोन्ही एकदम जमतं. पहिलं आज लिहिलं. तू बघावंस म्हणून नक्कल सोबत ठेवतो आहे.

तुझा,
दादा


४ मे

शिंपीकाका यांस,

तुमचं घर जाणार नव्हतं. ते मी काढलं.

मी वीजकेंद्राचं मॉडेल करणारा, तुमच्या शेजारच्या गवंड्याच्या बायकोचा भाऊ. नकाशात तुमचं घर होतं. टेबलाचा सांधा तुमच्या गल्लीवर येत होता, तो झाकायला मी सातही घरांच्या जागी झाडं लावली. सुनावणीत मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुम्ही घर उतरवत होता तेव्हाही मला खरं माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

गवंड्याला आतली कसलीही बातमी नव्हती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तुम्ही त्याच्यावर. त्याच्याकडे बघून मान फिरवू नका, ती माझ्याकडे बघून फिरवा. माझा पत्ता खाली आहे. तुम्हाला येऊन तोंडावर काही बोलायचं असेल तर मी दुपारी घरीच असतो.

मी आता ती सात घरं करतो आहे, नखाएवढी का होईना. तुमच्या पायऱ्या चार होत्या असं बहीण म्हणते. बरोबर आहे का, ते कळवावं.

मॉडेलवाला